मूळचे कुठले?

“वेलकम, वेलकम! प्रवास कसा झाला?”

मंडपाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हत्तुरे मॅडमनी माझ्या हातात गुलाबाचं फूल देत हिंदीतून विचारलं. त्यांनी हिंदीत विचारलं म्हणून मीही हिंदीतच सांगितलं, “चांगला झाला. बस लगेच मिळाली.”

“रात्रभर जागरण झालं असेल ना?”

“नाही हो. वीस मिनिटं तर लागतात.”

त्या मनापासून हसल्या. त्यांना वाटलं, मुलगी विनोदी आहे. त्यांनी मला कूलरसमोरची खुर्ची दिली, एका पोराला उप्पीट आणायला सांगितलं आणि माझ्या मांडीवर एक नॅपकिन ठेवला. “हा आमच्या सोलापूरचा खास नॅपकिन. तुमच्याकडे असा मिळणार नाही,” त्या म्हणाल्या. तो नॅपकिन ज्या कारखान्यातला होता, त्याच कारखान्यात माझे वडील माग चालवत होते. आमच्या घरी पाटा पुसायलासुद्धा तसलेच नॅपकिन होते. पण जून महिना, सोलापूरचं ऊन आणि समोर कूलर. मी कशाला तोंड उघडतेय!

खरं तर दहा मिनिटांपूर्वी मी समोरच्या रांगेत उभी होते. राज्य वस्त्रविद्या विद्यापीठाच्या प्रवेशाची ती रांग पत्र्याच्या शेडपासून सुरू व्हायची आणि उन्हातून वळसे घेत सायकलस्टँडपर्यंत जायची. छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक सगळ्यांच्या अर्जांवरची नावं बघत चालला होता. माझ्या अर्जापाशी तो थांबला. इराबत्ती भाग्यलक्ष्मी मल्लेशम. “अहो मॅडम, तुम्ही इथं उन्हात कशाला? तुमची सोय तिकडं आहे,” असं म्हणून तो मला मंडपात घेऊन आला. मला वाटलं, मुलींची रांग वेगळी असेल. मंडपावरची पाटी मी खुर्चीवर बसल्यावर वाचली: राज्याबाहेरील विद्यार्थी स्वागत कक्ष.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही पद्मशाली विणकर राहतो. घरात तेलुगू बोलतो, दारात मराठी बोलतो. माझ्या पणजोबांनी पोट पाठीला लागलं म्हणून तेलंगणातलं गाव सोडलं आणि इथं येऊन हातमागावर बसले. त्यानंतर आमच्या घरातलं जे कुणी जन्मलं ते इथं जन्मलं आणि जे कुणी गेलं ते इथंच गेलं. पण आमची नावं ऐकली की लोकांच्या डोक्यात रेल्वेचा नकाशा उलगडतो. बालवाडीपासून मला एकच प्रश्न विचारला गेलाय: “मूळचे कुठले?” इथलेच, म्हटलं की समोरचा समजूतदारपणे हसतो आणि म्हणतो, “ते झालं हो, पण मूळचे?”

मंडपात माझ्या शेजारी स्रवंती नावाची मुलगी तिच्या आईबरोबर बसली होती. करीमनगरहून आली होती, आणि तिला मात्र खरंच रात्रभर जागरण झालं होतं. मी तेलुगूत बोलल्यावर तिला इतका आनंद झाला की तिनं माझा हातच धरला. मग जरा वेळानं म्हणाली, “राग मानू नकोस, पण तुझं तेलुगू जुनं वाटतं. आमची आजी असं बोलायची.”

“आम्ही निघालो तेव्हा तुमची आजी तरुण होती,” मी म्हणाले. “तेव्हाचंच घेऊन आलोय.”

तिला बारावीला पासष्ट टक्के होते. मी विचारलं, इतक्या लांब का आलीस, तुमच्याकडं नाही का असं कॉलेज? ती म्हणाली, “आहे की. आमच्या घराच्या मागंच आहे. पण तिथं बाहेरच्या राज्यातली मुलं घेतात. ती फी जास्त देतात ना. आम्हाला म्हणाले, जागा भरल्या.”

“म्हणून तू इकडं आलीस?”

“हो. इकडं बाहेरच्यांना घेतात म्हणे.”

तिच्या गावची पोरं माझ्या गावात, माझ्या गावची तिसऱ्याच्या दारी, आणि मधल्या मधे गल्ला मात्र प्रत्येक दारात भरतोय. तिनं विचारलं, “तू कुठल्या गावची?” मी म्हणाले, “इथली.” ती म्हणाली, “मग या मंडपात कशी?” आणि तेवढ्यात माझं उप्पीट आलं.

उप्पीट संपायच्या आत भांडं फुटलं. हत्तुरे मॅडम नोंदणी करत माझ्यापर्यंत आल्या, अर्जावरचा पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“पूर्व भाग? म्हणजे तू लोकल आहेस?”

हिंदी गेली, मराठी आली. ‘आप’ गेलं, ‘तू’ आलं.

“हो मॅडम.”

“मग आधी सांगायचं नाही होय! मी मघापासून तुला प्रवास विचारतेय!”

“मी सांगितलं की, वीस मिनिटं लागतात म्हणून.”

बाई मुळात दुष्ट नव्हत्या. उप्पीट संपव म्हणाल्या, फूलही राहू दे म्हणाल्या. नॅपकिन मात्र त्यांनी माझ्या मांडीवरून उचलला, नीट घडी केली आणि पलीकडच्या मुलाला दिला. मला त्या नॅपकिनची कसली हौस, घरी ढीग होता! पण तो उचलताना त्यांचा हात ज्या सहजतेनं आला, ती सहजता अजून माझ्या मनातून जात नाही.

मी पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले. खिडकीपाशी पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, “स्थानिक जागा भरल्या.”

मला शहाऐंशी टक्के होते. आमच्या गल्लीत तेवढे कुणाला पडले नव्हते. निकालाच्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून पेढे वाटले होते. मी म्हणाले, “आत मंडपात पासष्टवाल्यांना घेतायत.”

“त्या राज्याबाहेरच्या जागा. निम्म्या त्यांना असतात. यंदापासून.”

“का पण?”

“विद्यापीठाला राष्ट्रीय व्हायचंय,” तो म्हणाला, आणि खिडकीची फळी लावून घेतली.

हे विद्यापीठ झालं तेव्हा मी पाचवीत होते. सरकारी जमिनीवर सरकारी पैशानं उभं राहिलं. उद्घाटनाला आमची अख्खी शाळा झेंडे हलवायला नेली होती. कोण कोण मंत्री आले होते आणि सगळ्यांचं भाषण एकच होतं, ‘विणकरांच्या लेकरांसाठी.’ टाळ्या वाजवून आमचे हात लाल झाले होते. आता विणकराचं लेकरू दारात उभं होतं, तर यांना राष्ट्रीय व्हायचं होतं. व्हा ना! पण सरळ म्हणा की बाहेरचा पोरगा पाचपट फी देतो. त्याला राष्ट्र कशाला म्हणता?

माझ्या डोळ्यांत पाणी बघून हत्तुरे मॅडमनाच काहीतरी वाटलं असावं. त्या बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, “शहापुरे सरांना भेट. प्रवेश त्यांच्याकडं असतात. सज्जन माणूस आहे.”

डॉ. शहापुरे खरोखर सज्जन दिसत होते. आवाज मऊ, मराठी स्वच्छ, समोरच्याला अहो-जाहो. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं, माझे मार्क बघून “वा!” म्हणाले. मग नावावर बोट ठेवून विचारलं, “मूळच्या कुठल्या तुम्ही?”

“इथल्याच, सर.”

“ते झालं. पण मूळच्या?”

“पणजोबा वरंगलकडचे होते.”

“आता कुणी आहे तिकडं?”

“आत्या दिली आहे तिकडं.”

“मग झालं तर!” ते खुर्चीत मागं रेलले. “काळजीचं कारणच नाही. उद्या वडिलांना घेऊन या. तुम्ही आत्याकडं राहता, कुटुंब मूळचं तिकडचं, एवढं त्यांनी सांगायचं. बाकी आम्ही बघू. राज्याबाहेरची जागा तुमची. फी जास्त आहे, पण हप्ते मिळतात.”

“पण सर, मी तर पूर्व भागात राहते. विद्यापीठाच्या गच्चीवरून आमची गल्ली दिसते.”

“दिसू दे की,” ते हसले. “आपण गच्चीवर कशाला जातोय?”

मी घरी आले. दारातच अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. आमच्या भागातल्या मुलींचं गणित सोपं असतं. शिक्षण पुढं सरकलं तर सरकलं, नाहीतर तेच सूप आपल्या मांडीवर येतं आणि लग्नात ते माहेरून सासरी जातं. कापडाचा हा अभ्यासक्रम आसपास दुसरीकडं कुठं नव्हता. पुण्या-मुंबईला वसतिगृहात राहून शिकण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणजे जागा नाहीतर सूप. हे अम्माला माझ्याइतकंच कळत होतं, म्हणून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच सुटकेचा श्वास सोडला.

नायना पहिल्या पाळीवरून आले. आम्ही वडिलांना नायना म्हणतो. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सुताचे बारीक तंतू बसलेले. हात-पाय धुऊन ते जेवायला बसले आणि अम्मानं विषय काढला. घरातलं बोलणं तेलुगूत झालं, मी मराठीत सांगते.

“मी वरंगलचा आहे असं सांगू?” नायना म्हणाले.

“सांगायचंच तर आहे,” अम्मा म्हणाली. “जीभ झिजते का?”

“आणि फी?”

“समाजाच्या पतसंस्थेतून कर्ज काढू. माझ्याही विड्या आहेत. तुम्ही फक्त तोंड उघडा.”

“बालामणी, मला आयुष्यभर लोकांनी विचारलं, मूळचे कुठले. मी काय सांगतो?”

काय सांगतात ते आम्हाला पाठ होतं. नायना छाती पुढं काढून म्हणायचे, “मूळ पूर्व भागात, शेंडा बघायचा असेल तर घरी या.” एकदा रेशनच्या दुकानात कुणी तरी ‘तुमच्या आंध्रात जा’ म्हणाला, तर या मवाळ माणसानं त्याचं मानगूट धरलं होतं. चार लोकांनी सोडवलं.

“माझ्या बापाला इथं जाळलं,” नायना म्हणाले. “मी इथल्या म्युन्सिपालटीच्या शाळेत मराठी पाढे म्हटले. मतदान इथं, मोर्चे इथं, लाठी खाल्ली ती इथं. आणि आता त्या साहेबाला पाचपट पैसे मिळावेत म्हणून मी वरंगलचा होऊ? तिकडं गेलो तर ते मला म्हणतात, सोलापूरवाले आले! मी नाही म्हणणार.”

“तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं घेऊन बसा मग,” अम्मा म्हणाली. ही म्हण तिनं मराठीत म्हटली. आमच्या घरात भांडण कडेला आलं की मराठी सुरू व्हायचं. “तुमचा तोरा राहील आणि पोरीच्या मांडीवर सूप येईल.”

नायना ताटावरून उठले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. हुंदका दाबायचा प्रयत्न केला, पण एका खोलीला दुसरी खोली चिकटलेली. तिथं रडणं कोण लपवणार! मला नायनांचा राग आला होता. अभिमानानं पोट भरत नाही, असं काहीबाही मी उशीत तोंड घालून बोललेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायना न बोलता पाळीला गेले. अम्मा माझी वेणी घालताना म्हणाली, “तू जा. वडील आजारी आहेत म्हण. तू सज्ञान आहेस, तूच सांग वरंगल म्हणून. पुढचं मी बघते.” मी मान हलवली. माझं ठरलं होतं. सिटी बसमध्ये मी मनातल्या मनात पाठ करत गेले, सर आम्ही मूळचे वरंगलचे, सर आम्ही मूळचे वरंगलचे. शाळेत कविता पाठ करायचे, तशी.

शहापुरे सरांच्या केबिनबाहेर गर्दी होती, पण शिपायानं माझं नाव ऐकून मला लगेच आत सोडलं. सर प्रसन्न होते. हत्तुरे मॅडम बाजूच्या टेबलावर नोंदी करत होत्या.

“या, या भाग्यलक्ष्मी. झालंच तुमचं काम. एक तोंडी प्रश्न विचारायची पद्धत आहे, तेवढा विचारतो. मूळच्या कुठल्या तुम्ही?”

मी तोंड उघडलं. ‘व’ ओठावर आलासुद्धा होता. पण शब्द अडला. खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून अडला असेल. पुढच्या क्षणी मी तो ढकलला असता. माझ्या मनाला मी ओळखते. जागेसाठी मी वरंगल काय, विलायत म्हणाले असते.

पण सरांना राहवलं नाही. मला धीर द्यायला ते पुढं झुकून मायेनं म्हणाले, “अहो, लाजताय काय एवढं? नाहीतरी तुम्ही लोक बाहेरचेच की! कागदावर आलं, एवढंच.”

डोक्यात तिडीक जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं. पायाच्या अंगठ्यापासून निघते.

“आम्ही इथले आहोत,” मी म्हणाले.

“हो, हो. पण मूळच्या?”

“मूळच्यासुद्धा इथल्याच. तुम्ही ज्या खुर्चीवर बसलाय तिच्या पाठीवरचा टॉवेल आमच्या गल्लीत विणलाय. कर घ्यायला आम्ही इथले, मतं घ्यायला इथले, तुमच्या उद्घाटनाला झेंडे हलवायला इथले. आणि जागा द्यायची म्हटली की बाहेरचे व्हा? मला शहाऐंशी टक्के आहेत, सर. मी इथली म्हणून जागा मागतेय. बाहेरची म्हणून नको.”

माझा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण तिथली कुजबुज थांबली. सरांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा मात्र तसूभरही हलला नाही. त्यांनी टाचणी उचलली, ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “मोठी अडचण केलीत. कारण अर्ध्या तासापूर्वी तुमचे वडील याच टेबलासमोर उभं राहून सांगून गेले की आम्ही वरंगलचे. आता खोटं कोण बोलतंय, तुम्ही की ते?”

मी हत्तुरे मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, “शेजारच्या खोलीत आहेत ते. हप्त्याचं विचारायला बसलेत.”

“बोलवा त्यांना,” सर म्हणाले.

नायना आत आले. अंगात कामावरचाच सदरा, भुवयांवर सुताचे तंतू. माग बंद ठेवून, पाळी बुडवून आले होते. मला तिथं बघून ते दचकले. अम्मानं मला पाठवलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते आलेत हे अम्माला माहीत नव्हतं. मराठीत ज्याला सावळा गोंधळ म्हणतात तो हाच.

“मल्लेशमराव,” सर म्हणाले, “मुलगी म्हणते तुम्ही इथले. तुम्ही म्हणालात वरंगलचे. एकदा काय ते ठरवून घ्या. मुलीची समजूत काढा. मी पाच मिनिटं थांबायला तयार आहे.”

नायनांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला कारण होतं. काल उशीत तोंड घालून जागेसाठी रडलेली मुलगी आज ती जागा लाथाडून उभी होती, आणि तीसुद्धा त्यांनी स्वतःची मान वाकवल्यानंतर. पण ते सरांकडं वळले आणि त्यांच्या त्या सोलापुरी मराठीत बोलायला लागले.

“साहेब, पोरगी खरं बोलली. मी खोटं बोललो. मगाशी काय बोललो ते माघारी घेतलो.”

“नीट विचार करा. मग जागा गेली.”

“गेली, ते कळलं की. पण मला एक सांगा. हीच पोरगी, हेच मार्क. इथली म्हणलं तर जागा न्हाई, बाहेरची म्हणलं तर हाय. मग तुमी शिकीवणार कुणाला? पोरीला का पैशाला?”

“हे बघा, हे धोरण मी केलेलं नाही. ते वरून येतं.”

“वरून म्हंजे कुठून? मूळचं कुठलं हाय ते धोरण?”

बाहेर रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हत्तुरे मॅडमनी तोंडाला पदर लावला. शहापुरे सरांचा आवाज पहिल्यांदाच जाड झाला.

“मी तुमच्यासाठी नियम वाकवत होतो, आणि तुम्ही मलाच शिकवताय?”

“नियम कुठं वाकीवलासा, साहेब? वाकीवलं ते मला,” नायना म्हणाले. “आता एक काम करा. मगाशी मी म्हणलेलं ते खोडा. आन् तुमच्या तोंडानं एकदा म्हणा, मल्लेशम इथला हाय म्हणून. म्हणलासा की मी जातो.”

“हा काय तमाशा आहे?”

“जागा मागत न्हाई मी. म्हणायला काय पैसं पडत्यात व्हय?”

आणि ते खुर्ची ओढून बसले. मी आयुष्यात त्यांना कुठल्या साहेबासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. शिपाई दारात आला, पण त्यालाही त्यांना हात लावायचं धाडस होईना. सर कागद चाळत राहिले, फोन उचलून ठेवला, खिडकीबाहेर बघितलं. ते एक वाक्य म्हणायला त्यांना काही पडत नव्हतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथला आहे, तर मग मुलीला जागा का नाही?

शेवटी ते नायनांकडं न बघता हत्तुरे मॅडमना म्हणाले, “यांचं नाव काढून टाका. पुढचा पाठवा.”

मॅडमनी रेघ मारली. नायना उठले. तोवर करीमनगरची स्रवंती आईबरोबर दारात येऊन उभी होती. पुढचा नंबर तिचाच होता. तिनं माझ्याकडं बघून तेलुगूत विचारलं, “झालं का तुझं?” मी मान हलवली. तिच्यावर मी तेव्हाही रागावले नाही, आजही नाही. तिच्या घरामागच्या कॉलेजनं तिला हाकललं नसतं तर ती कशाला रात्रभर बसमध्ये बसली असती?

पुढं काय झालं तेही सांगून टाकते. एक वर्ष मी विड्या वळल्या. मग त्याच विड्यांच्या पैशातून बी.कॉम. केलं, तेही बाहेरून. मराठीत कॉलेजात न जाता परीक्षा देणाऱ्याला ‘बाहेरून बसला’ म्हणतात. विद्यापीठानं मला बाहेरचं केलं नाही ते नाहीच, शेवटी माझं शिक्षण तेवढं बाहेरचं झालं. आज मी एका सहकारी बँकेत अधिकारी आहे, पोटाला कमी नाही. पण कापड हातात आलं की अजून मी त्याची वीण उलटून बघते, आणि दर जूनमध्ये विद्यापीठाची जाहिरात आली की माझं डोकं फिरतं. आता तिथं बाहेरच्या जागा निम्म्याहून जास्त आहेत म्हणे. राष्ट्रीय झालेलं दिसतंय.

त्या दिवशी आम्ही दोघं जिना उतरून फाटकाबाहेर आलो. बसथांब्यावर सावली नव्हती. नायनांनी खिशातला रुमाल माझ्या डोक्यावर टाकला. मला रडू येत होतं, पण जागा गेल्याचं नाही. मी त्यांना खोटं पाडलं त्याचं.

“नायना,” मी म्हणाले, “तुम्ही काल तर नाही म्हणालात. मग कशाला आलात?”

“ऐकू आलं मला. आतलं.”

मी म्हणाले, “मीसुद्धा वरंगलच म्हणणार होते. खरंच. ठरवून आले होते. पण तो म्हणाला, नाहीतरी तुम्ही लोक बाहेरचेच. मग मला सहन झालं नाही.”

“मलाही म्हणाला.”

“काय?”

“तेच. नाहीतरी तुम्ही बाहेरचेच, मल्लेशमराव.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते बस येते का ते बघत होते.

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“बरोबर आहे साहेब, म्हणालो.”

“तुम्ही? तुम्ही असं म्हणालात?”

“काय करू?” नायना म्हणाले. “तुझी जागा होती ना त्याच्याकडं.”